बायला खडा झाला तेव्हा

पहिल्यांदा आम्हाला तो बीटाचा रंग वाटला.

पिंजऱ्यात अंथरलेल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर सकाळी एक गुलाबी डाग होता, रुपयाएवढा. आदल्या संध्याकाळी मी कोशिंबिरीसाठी बीट किसलं होतं आणि सालं तिच्यापुढे टाकली होती. म्हणून मी फडकं बदललं, धुवायला टाकलं आणि विसरून गेले. पुढे बीट दिलंच नाही, तरी डाग पडत राहिला. आता त्याच्या कडेला पांढरी, खडूच्या चुऱ्यासारखी भुकटी वाळून बसलेली दिसायला लागली. एका सकाळी मी ते फडकं नाकाशी नेलं. बीटाचा वास नव्हता. गंजलेल्या खिळ्याला येतो तसा वास होता.

ती म्हणजे आमची गिनीपिग. खरं तर मुलीची. मुलीच्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली तेव्हा त्यांना ती सोबत नेता येईना, म्हणून मुलगी तिला एका कापडी पिशवीत घालून घरी घेऊन आली. तपकिरी-पांढरी, शेपूट नसलेली, हातात घेतली की छातीची धडधड आपल्या तळव्याला लागायची. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून मूर्ती भरायची एक लाकडी पेटी मिळाली, तिला पुढून जाळी ठोकली आणि झाला पिंजरा.

पेणजवळ रामवाडीला हायवेपासून थोडं आत आमचं घर. हे रोह्याला एका कंपनीत शिफ्टला जायचे. सासूबाई गडबच्या बाजूच्या गावातल्या, सगळा जन्म भाताच्या लावणीत आणि त्यानंतरच्या वालाच्या शेतात गेलेला. सासरे गेल्यावर शेत दिरांकडे राहिलं आणि त्या आमच्याकडे आल्या. त्यांना हे जनावर अजिबात पसंत नव्हतं. "उंदीर हाय तो," त्या म्हणायच्या, "उंदीर मारतात, पोसत नाय." पेटी घरात आल्यावर पहिले काही दिवस त्या खाटेवर पाय वर घेऊनच बसत.

मग मुलगी नर्सिंग शिकायला पुण्याला गेली आणि घर एकदम मुकं झालं. यांच्या शिफ्टा, माझं शिवणकाम, सासूबाईंचं दुपारचं झोपणं. त्या शांततेत एकच जीव बोलायचा. विळी वाजली, प्लास्टिकची पिशवी चुरचुरली, की पेटीतून शीळ सुरू व्हायची, उंच, हट्टी, थांबायचं नाव नाही. एक दिवस मी ऐकलं, सासूबाई तिला उत्तर देत होत्या. "आले गो बाय, आले. जरा दम खा." मुलीनं तिला पुस्तकातलं काहीतरी नाव ठेवलं होतं, ते आमच्या तोंडात कधी बसलं नाही. त्या दिवसापासून ती बाय झाली.

बायचं खाणंपिणं सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं. परसात शेवगा होता. रोज सकाळी चूळ भरून झाली की त्या काठीनं फांदी वाकवायच्या, कोवळा पाला ओरबाडून पदरात घ्यायच्या आणि तिच्यापुढे ठेवायच्या. पालक निवडला की देठ तिचे, मेथी निवडली की काड्या तिच्या. पण शेवगा म्हणजे तिचा जीव की प्राण. बाय गलेलठ्ठ झाली, अंगावर तुकतुकी आली, आणि सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या.

डागाचा तो वास आल्यावर मी घाबरले, पण स्वतःशीही नीट कबूल केलं नाही. मग लगेचच तो आवाज ऐकला. मी पेटीपुढे उकिडवी बसून पाण्याची वाटी बदलत होते. बायनं मागचा भाग उचलला, पाठ कमानीसारखी वाकवली आणि तिच्या गळ्यातून एक बारीक, लांबट आवाज निघाला. तो खाण्यासाठीचा नव्हता. हाक मारण्याचाही नव्हता. गंजलेली बिजागरी कुणी फार सावकाश उघडावी तसा. आणि शेवटी लघवीचा एकच थेंब पडला, लाल.

तो आवाज मी आधी ऐकला होता, माणसाच्या गळ्यातून.

मी शाळेत होते तेव्हा वडिलांना मुतखडा झाला होता. आम्हाला मुलांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते गोठ्यामागे जायचे, आई आम्हाला आतल्या खोलीत बसवायची आणि दार ओढून घ्यायची. भिंतीतून त्यांचं कण्हणं यायचं. एकदा मी फटीतून बघितलं, ते गोठ्याच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभे होते आणि त्यांचे पाय थरथरत होते. मला वाटलं, त्यांच्या पोटात काहीतरी शिरलंय आणि ते त्यांना आतून खातंय. पुढे ते बरे झाले, चांगले म्हातारे होऊन गेले. पण 'लघवीतून रक्त' हे शब्द कानावर आले की मी अजून त्या फटीशी उभी असते.

मी सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, गुडघ्यावर हात टेकत वाकल्या आणि बराच वेळ बायकडे बघत राहिल्या. बाय कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. पुढ्यातल्या शेवग्याला तिनं तोंडही लावलं नव्हतं.

"आमच्या थोरल्या बैलाचा असाच झाला होता," सासूबाई म्हणाल्या. "तुंबला, आणि..."

पुढचं त्यांनी गिळलं. मी विचारलंही नाही.

औषधाच्या दुकानात मी आधी गेले होते, यांच्यासाठी मलम आणायला, तेव्हा सहज विषय काढला. दुकानदारानं लहान मुलांना देतात तसली एक अँटिबायोटिकची बाटली पुढे केली, अर्धं बूच द्या म्हणाला. मी ती घेतली नाही, ते कशामुळे कोण जाणे. भीतीनेच बहुधा. भ्यालेल्या माणसाला नवीन काही करायचा धीर होत नाही, तसं.

मग बायला टोपलीत घालून मी पेणच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. आवारात एक म्हैस लाकडी चौकटीत अडकवून उभी केलेली, तिचा मालक तिच्या पाठीवर थोपटत होता. माझ्या हातातली टोपली बघून तो हसला आणि बाजूला सरकला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बायला टेबलावर घेतलं, दोन बोटांनी पोट चाचपलं आणि ती इतक्या जोरात किंचाळली की म्हशीनंही मान वळवली. मी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि सरळ सांगितलं की खडा असावा असं त्यांना वाटतं, पण ते गाई-म्हशी, शेळ्या, फार तर कुत्री बघतात. मी दुकानातल्या बाटलीबद्दल विचारलं, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"तसलं काही देऊ नका," ते म्हणाले. "आपल्या नेहमीच्या औषधांतली काही या प्राण्याला विषासारखी लागतात. कुठली ते मला आत्ता खात्रीनं आठवत नाही, म्हणून मी स्वतःसुद्धा अंदाजानं काही देणार नाही."

त्यांच्या खरेपणानं धीर यायला हवा होता. पण आला नाही. ज्याच्याकडे आशेनं जावं तोच माणूस हात मागे घेतो, तेव्हा आपण किती उघड्यावर आहोत ते कळतं. त्यांनी तिथूनच रोह्याला फोन लावला. त्यांच्याबरोबर शिकलेले एक डॉक्टर तिथे खाजगी दवाखाना चालवत होते आणि त्यांनी शिकताना अशा प्राण्यांवर काम केलं होतं. पण ते त्या दिवशी कुठेतरी खेड्यात गेले होते. उद्या सकाळी या, असा निरोप मिळाला. निघताना पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं की पाणी पाजत राहा, आणि लघवी पूर्ण बंद झाली तर मात्र उद्याची वाट बघू नका. मग कुठे जायचं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

ती संध्याकाळ मला अजून आठवते ती फोनमुळे. मुलगी रोज दिवेलागणीला होस्टेलवरून फोन करायची आणि शेवटी म्हणायची, "बायचा आवाज ऐकव." मी पेटीपुढे प्लास्टिकची पिशवी चुरगाळायचे, बाय शीळ घालायची, मुलगी तिकडून शीळ घालायची. असा सगळा तमाशा. त्या दिवशी फोन वाजला तेव्हा मी आणि सासूबाई दोघी पेटीपाशीच बसलो होतो, ड्रॉपरनं थेंब थेंब पाणी पाजत. मुलीची परीक्षा चालू होती. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत बसून अभ्यास करतेय, जेवणाचं काही खरं नाही, असं ती सांगत होती. मग म्हणाली, आवाज ऐकव.

मी पिशवी चुरगाळली. बाय हलली नाही. मी पुन्हा चुरगाळली, तोंडाजवळ नेऊन. तिचे कानही हलले नाहीत. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"झोपली हाय ती," त्या म्हणाल्या.

मुलगी हसली. "आजी, ती या वेळेला कधी झोपते?"

"आज झोपली. तू अभ्यास कर."

फोन ठेवल्यावर आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी यांची पहाटेची शिफ्ट होती. जाताना म्हणाले, शिफ्ट सुटली की थेट दवाखान्यात येतो. मी एकटीच जाणार होते, पण सकाळी बघते तर सासूबाई धुतलेलं लुगडं नेसून, टोपली मांडीवर घेऊन ओट्यावर तयार बसलेल्या. टोपलीत पेंढा, त्यावर मऊ फडकं, वरून ओल्या पंच्याचं झाकण.

एसटीत मागची जागा मिळाली. कंडक्टर तिकिटं फाडत आला, टोपलीत डोकावला. सासूबाई म्हणाल्या, "आजारी हाय. दवाखान्यात नेतोय." त्यानं पुढच्या बाकावरच्या एका माणसाला उठवून मागे पाठवलं आणि आम्हाला पुढे बसवलं. मागे चाकावर गचके फार बसतात, एवढंच म्हणाला.

पण गचके पुढेही होतेच. हायवेचं काम तेव्हा चालू होतं, अर्धा रस्ता खणलेला, उरलेल्या अर्ध्यावर खड्डे. प्रत्येक खड्ड्याला टोपलीतून तो बिजागरीचा आवाज यायचा. काही वेळानं सासूबाईंनी टोपली मांडीवरून उचलली आणि दोन्ही हातांवर हवेत धरली. बस आदळायची, त्यांचं अंग आदळायचं, हात मात्र पाण्यानं भरलेलं ताट नेल्यासारखे सरळ. मी म्हटलं, मी धरते थोडा वेळ. त्यांनी मान हलवली. त्यांचे दंड थरथरायला लागले तरी त्यांनी ती खाली ठेवली नाही.

गडबजवळ गाड्यांची रांग लागली. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला होता. बस थांबली, इंजिन बंद झालं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की टोपलीतून काहीच आवाज येत नाही. रस्त्याकडेच्या दुकानात माणसं चहा पीत होती. पलीकडे सासूबाईंच्या गावाकडे जाणारी वाट दिसत होती, त्यांनी तिकडे बघितलंही नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. बघ, असं त्यांनी डोळ्यांनी सांगितलं. स्वतः बघायची त्यांची छाती होत नव्हती.

माझीही नव्हती. मी पंच्याखाली हात घातला. गार लागेल अशी मनाची तयारी करून घातला. बोटांना ऊन, ओलसर केस लागले आणि त्यांच्याखाली ती बारीक, पळती धडधड. हात बाहेर काढला तर बोटांच्या टोकांना लाल लागलं होतं. ते मी साडीला पुसलं, सासूबाईंना दिसू नये म्हणून. त्यांना दिसलं.

रोह्याचे डॉक्टर आमची वाटच बघत होते. चाळिशीचे, हळू बोलणारे. त्यांनी बायला हातात घेतलं ते मला आवडलं. मागचा भाग तळव्यावर, छाती दुसऱ्या हातावर, जशी मुलगी घ्यायची. त्यांनी सांगितलं की फोटो काढल्याशिवाय काही कळणार नाही आणि जनावरांचा एक्स-रे इथे कुठे निघत नाही. बाजारपेठेजवळ माणसांचं एक एक्स-रे सेंटर होतं, तिथल्या माणसाशी त्यांनी बोलून ठेवलं होतं. दुपारी पेशंट संपले की या, पण मागच्या दारानं.

माणसं झोपतात त्या लांबलचक टेबलावर बाय ठेवली तेव्हा ती मुठीएवढी दिसली. आम्हाला बाहेर काढलं. डॉक्टरांनी स्वतः तो जड एप्रन घालून तिला धरलं. थोड्या वेळानं त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. मांदेली माशाच्या काट्यासारखी बारीक हाडं, आणि खाली अगदी शेवटाला एक पांढराशुभ्र ठिपका, तांदळाच्या दाण्याहून थोडा जाड. एवढासा. मला वाटलं होतं की काहीतरी मोठं, भयंकर दिसेल.

दवाखान्यात परतल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. ती मादी आहे हे बरं, मादीची वाट रुंद असते. खडा बाहेरच्या तोंडापाशी येऊन अडकलाय. भूल देऊन चिमट्यानं काढून बघता येईल. नाही निघाला तर पोट उघडावं लागेल, ते इथे होणार नाही, मुंबईला न्यावं लागेल, आणि तोवर ती टिकेल का ते सांगता येत नाही.

"भुलीचं काय?" मी विचारलं.

"हे प्राणी भुलीला नाजूक. कधी कधी उठत नाहीत," ते म्हणाले. "मी काळजी घेईन. पण ती उठेलच, असा शब्द मी देऊ शकत नाही."

"आणि काढलाच नाही तर?"

त्यांनी टोपलीकडे बघितलं. "सकाळपासून थेंबथेंबच चाललंय ना? वाट पूर्ण बंद झाली की मग फार वेळ मिळणार नाही."

एवढ्यात हे आले. अंगावर कंपनीचे कपडे, पायात ते जड बूट, अंगाला केमिकलचा वास. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, करून टाकू, दुसरं काय आहे हातात. मुलीला आत्ता काही कळवायला नको, उद्या तिचा पेपर आहे. काही बरंवाईट झालं तर पेपर संपल्यावर सांगू. मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते हवंच होतं. फोन उचलून ते शब्द तोंडातून काढायची माझ्यात ताकद नव्हती.

सासूबाई बाकावर बसल्या होत्या. त्या यांच्याकडे न बघता बोलल्या.

"जनावर तिचा हाय. तिला न विचारता सुया टोचू नका."

"अगो आई, तिची परीक्षा..." हे म्हणाले.

"परीक्षा परत होईल. ही मेली तर पोरगी आपल्याला काय म्हणेल? मी काल एकदा खोटा बोलले. आज नाय बोलणार."

यांनी फोन माझ्या हातात दिला. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. रिंग वाजत होती आणि मी मनात म्हणत होते, उचलू नको. तिनं लगेच उचलला.

"आई, तू या वेळी? काय झालं? आजी बरी आहे ना?"

आजी बरी आहे, बाबा बरे आहेत, असं सांगता सांगताच माझा आवाज फुटला. मग मी सगळं सांगितलं, डागापासून ठिपक्यापर्यंत. ती मध्ये बोलली नाही. मागे कुणीतरी नळाखाली बादली ठेवल्याचा, पाणी भरल्याचा आवाज येत राहिला. बादली भरून सांडायला लागली.

मग ती बोलली, आणि तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. सपाट, कामाचा. शेवटचं कधी खाल्लं? अंग ऊन आहे की गार? भूल देण्याआधी वजन करणार आहेत का, ते विचार. भुलीत अंग गार पडतं, गरम पाण्याची बाटली जवळ ठेवायला सांग. मी हो हो म्हणत राहिले. फोनवर कुणीतरी मोठं माणूस होतं आणि ते माझं मूल होतं.

"करू देत त्यांना," ती म्हणाली. आणि मग, पुन्हा आधीच्या लहान आवाजात, "आजी काल खोटं बोलली ना? मला तेव्हाच कळलं. झोपच नाही लागली मला."

आत जाऊन मी डॉक्टरांना वजनाचं आणि बाटलीचं विचारलं. त्यांनी मान वर केली, कोण म्हणालं, विचारलं. मुलगी नर्सिंग करते, मी म्हटलं. दोन्ही होईल म्हणून सांगा तिला, ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

आम्ही तिघं बाहेर बाकावर. आतून काहीच आवाज येत नव्हता. रस्त्यावरचे रिक्षांचे हॉर्न, समोरच्या गिरणीची घरघर, सगळं ऐकू येत होतं, फक्त आतलं नाही. इतके दिवस तिचा तो आवाज ऐकू नये म्हणून मी कान दाबून घ्यायचे. आता तोच यावा म्हणून देवाला हात जोडत होते. हे उठायचे, दारापर्यंत जायचे, परत बसायचे. सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

मग स्टीलच्या भांड्यात काहीतरी पडल्याचा बारीक आवाज झाला. जरा वेळानं दार उघडलं.

"खडा निघाला," डॉक्टर म्हणाले. यांनी सुस्कारा टाकला. पण डॉक्टर हसले नाहीत. "ती अजून उठली नाहीये. बघू या."

बाय टेबलावर टॉवेलात होती, अंगाला गरम पाण्याची बाटली लावलेली. पाय लुळे, तोंड किंचित उघडं, दातांमागे जिभेचं टोक. मी मेलेली जनावरं बघितली आहेत, ती अशीच दिसतात. सासूबाईंनी विचारलं, मांडीवर घेऊ का. डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि टॉवेलासकट तिला त्यांच्या मांडीत ठेवलं. सासूबाईंनी वरून पदर घातला आणि अंगठ्यानं तिच्या कानामागे चोळायला लागल्या, लहान मुलाला झोपेतून उठवताना चोळतात तसं. "बाय. ए बाय. उठ गो." डॉक्टर मध्ये मध्ये येऊन छातीला नळी लावायचे, बाटलीतलं पाणी बदलायचे आणि परत जायचे. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळतं का, म्हणून मी बघायचे. काही कळायचं नाही. बाहेरची उन्हं भिंतीवरून सरकली. सासूबाईंचा अंगठा थांबला नाही आणि आवाजही.

आधी मिशा हलल्या. मला वाटलं पंख्याचा वारा असेल. हे उठले आणि पंखा बंद करून आले. मिशा पुन्हा हलल्या. मग नाक, मग एक पंजा आखडला, पसरला. डोकं वर करायला गेली ते गपकन पडलं, पुन्हा वर केलं. आणि मग सासूबाईंच्या मांडीवर, लुगड्यावर, एक ओला डाग पसरत गेला. फिकट लाल. बायच्या तोंडातून आवाज निघाला नाही. कण्हली नाही की वाकली नाही.

सासूबाईंनी माझ्याकडे वर बघितलं. "मुतली गो," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

खडा डॉक्टरांनी कागदाच्या घडीत दाखवला. पिवळट, खरखरीत. मग त्यांनी विचारलं की हिला खायला काय देता. सासूबाई डोळे पुसून मोठ्या आनंदानं सांगायला लागल्या. परसातला शेवगा, ताजा, रोजचा रोज. पालक, मेथी. डॉक्टर ऐकत राहिले आणि मग फार जपून म्हणाले की शेवगा माणसाला चांगला, पण त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, खूप. या प्राण्याच्या अंगातला जास्तीचा चुना सगळा लघवीतून जातो आणि तोच साठून खडा होतो. पाणी कमी पोटात गेलं, बोअरचं जड पाणी असलं, तरी होतं. काहींना अंगचंच असतं. पण शेवगा बंद. मुख्य म्हणजे गवत, भरपूर, ओलं करून.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परतलो. नागोठण्याच्या पुढे सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मीच घातला तो खडा तिच्या पोटात." मी म्हटलं, आई, डॉक्टरांनी पाण्याचंही सांगितलं, आणि तुम्ही तर चांगलंच समजून देत होतात. हेही म्हणाले. त्यांनी आमचं ऐकून घेतलं, पटलं असं काही दाखवलं नाही. टोपली त्यांच्याच मांडीवर होती आणि हात आत.

पुढचे काही दिवस भीती तशीच राहिली, उलट वाढलीच. आता गमवायला पुन्हा काहीतरी होतं ना. सकाळी उठले की पेटीकडे जायच्या आधी मी चूल पेटवायचे, दूध तापवायचे, काहीबाही करत राहायचे. फडकं बघायचं म्हणजे धडकी. एकदा पुन्हा गुलाबी दिसलं आणि मी रडत रोह्याला फोन केला. आतलं खरचटलेलं भरून येईपर्यंत असं होतं, डॉक्टर म्हणाले, आवाज करते का? नाही. खाते का? खाते. मग घाबरू नका. पण घाबरणं काही सांगून थांबत नाही. फडकं बरेच दिवस कोरडं आणि पिवळं निघालं, तेव्हा कुठे हळूहळू ते ओसरलं. सासूबाई गावी गेल्या की येताना बांधावरच्या गवताचा भारा घेऊन यायच्या, एसटीच्या टपावर टाकून. शेवग्याला त्यांनी नंतर हात लावला नाही. शेंगा मीच काढायचे.

मुलीनं दुसऱ्या दिवशीचा पेपर दिला. पासही झाली. दिवाळीला आली तेव्हा पाठीवरची बॅगही न काढता पेटीपाशी बसली, बायला उताणं केलं आणि दोन बोटांनी पोट चाचपायला लागली, अगदी त्या डॉक्टरांसारखं. मला बघवेना, मी स्वयंपाकघरात गेले. मागून बायची चिडकी शीळ ऐकू आली आणि मुलीचं हसणं.

पुन्हा खडा झाला नाही. मुलीला नोकरी लागली त्या वर्षी एका दुपारी बाय मागच्या दारातल्या उन्हात पडल्या पडल्या गेली, म्हातारी होऊन. सासूबाईंनी तिच्या कानामागे अंगठा लावून बघितला आणि पदरानं तिला झाकलं. मुलीला मी लगेच फोन लावला. भीती वाटली नाही. नुसतं रडू आलं.